हंगामापूर्वीचे अंदाज कितपत खरे ठरले हे कसे तपासावे: एनएचएलच्या २०२३-२४ हंगामावरून सविस्तर पडताळणी

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, नव्या हंगामाविषयी भाकितांचा पूर येतो. ही बर्फावरची हॉकी आहे आणि तिचे बत्तीस संघ अमेरिका व कॅनडात विखुरलेले आहेत. टोरॉंटो, न्यू जर्सी, सिअ‍ॅटल अशा ठिकाणी राहणारी अनेक मराठी कुटुंबे आता हा खेळ आवडीने पाहतात, आणि कोणता संघ किती गुण मिळवील, कोण बाद फेरीत जाईल याची चर्चा त्यांच्याही घरात होते. एप्रिलमध्ये गुणतक्ता पूर्ण होतो, तेव्हा मात्र सप्टेंबरमधल्या भाकितांकडे वळून पाहणारे फार थोडे असतात. ज्याचा एखादा धाडसी अंदाज खरा ठरला, तो त्याची आठवण करून देतो आणि बाकीचे एकतीस अंदाज विस्मृतीत जातात. ही पडताळणी शिस्तीने करण्यासाठी एक वही किंवा एक्सेलची एक शीट, दोन हंगामांचे गुणतक्ते आणि एक मोकळी संध्याकाळ एवढेच पुरते. पुढील सर्व हिशेब मी २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन हंगामांच्या अंतिम गुणतक्त्यांवरून केले आहेत, त्यामुळे वाचकाला प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहता येईल.

आधी गुणपद्धती नीट समजून घ्या

२०२३-२४ मध्ये प्रत्येक संघाने नियमित हंगामात ८२ सामने खेळले. विजयाला दोन गुण मिळतात, निर्धारित साठ मिनिटांत हरल्यास शून्य, आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरल्यास एक गुण मिळतो. या एका सांत्वनाच्या गुणामुळे लीगमधील एकूण गुण दरवर्षी थोडे बदलतात. एकूण १,३१२ सामन्यांचे २,६२४ गुण ठरलेले असतात आणि जेवढे सामने जादा वेळेत जातात तेवढे गुण त्यात मिळवायचे असतात. २०२२-२३ मध्ये असे ३०२ सामने झाले, म्हणून एकूण २,९२६ गुण वाटले गेले आणि दर संघामागे सरासरी सुमारे ९१ गुण आले. २०२३-२४ मध्ये असे २७१ सामने होते, त्यामुळे बेरीज २,८९५ झाली.

या बेरजेचा पहिलाच उपयोग महत्त्वाचा आहे. ज्याचा अंदाज तपासायचा आहे त्याच्या बत्तीसही संघांच्या गुणांची बेरीज करून पाहावी. ती २,९०० च्या आसपास नसेल, समजा ३,०५० भरली, तर त्याने प्रत्येक संघाला सरासरी चार-पाच गुण फुकट वाटले आहेत, आणि असा तक्ता पहिला सामना होण्यापूर्वीच चुकलेला असतो. प्रत्येक संघाचा विचार स्वतंत्रपणे केला आणि कोणाचा विजय म्हणजे दुसऱ्या कोणाचा पराभव हे ध्यानात ठेवले नाही की हा दोष येतो.

अंदाज गोठवून ठेवा

२०२३-२४ चा हंगाम १० ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला. ज्या हंगामाचा अंदाज तपासायचा आहे त्याच्या पहिल्या सामन्यापूर्वी तो तारखेसह उतरवून घ्यावा आणि पानाचे छायाचित्रही ठेवावे, कारण अंदाज नंतर बदलले जातात. ऑक्टोबरअखेर एखाद्या गोलरक्षकाला दुखापत झाल्यावर सुधारलेला अंदाज हा हंगामापूर्वीचा अंदाज राहत नाही. तो हवा तर वेगळ्या स्तंभात ठेवावा.

उतरवताना प्रत्येक विधान मोजता येईल अशा रूपात आणणे आवश्यक आहे. “हा संघ यंदा सर्वांना चकित करील” या वाक्याला गुण देता येत नाहीत, म्हणून ते सोडून द्यावे. मनाने त्याला आकडा चिकटवू नये, कारण तो आकडा भाकीत करणाऱ्याचा नसून आपला असेल. “९५ ते १०० गुण” असे लिहिले असेल तर मधला ९७.५ हा अंदाज धरावा, शिवाय खरा आकडा त्या पट्ट्यात पडला की नाही याची वेगळी नोंद ठेवावी. आपले हवामान खाते एप्रिलमध्ये मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज देताना सोबत पाच टक्के अधिक-उणे असे स्पष्ट सांगते. खेळाच्या भाकितातही असा पट्टा सांगणारा माणूस मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो आपल्या अज्ञानाचेही माप देतो. मात्र पट्टा रुंद केला की बरोबर ठरणे सोपे होते, त्यामुळे पट्ट्याची रुंदी नोंदवणे विसरू नये.

तुलनेसाठी “काहीच माहीत नसलेला” माणूस उभा करा

संपूर्ण पडताळणीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच बहुतेक वेळा गाळला जातो. “माझी सरासरी चूक दहा गुणांची होती” असे कोणी सांगितले तर ती चांगली की वाईट हे त्या आकड्यावरून कळत नाही. हॉकीचे काहीही ज्ञान नसलेल्या माणसाने किती चूक केली असती हे समजले, तरच त्या दहाला अर्थ येतो. म्हणून तीन साधे, यांत्रिक अंदाज तयार करावेत.

पहिला अंदाज असा की प्रत्येक संघाला मागील हंगामाची सरासरी, म्हणजे ९१ गुण मिळतील. दुसरा असा की प्रत्येक संघ मागच्या वर्षी जितके गुण मिळवून थांबला तितकेच पुन्हा मिळवील. तिसरा थोडा शहाणा आहे. मागच्या वर्षीचे गुण घ्यावेत, ते ९१ पासून जितके दूर असतील त्यातला एक तृतीयांश फरक कमी करावा आणि संघाला सरासरीकडे ओढावे. या ओढण्यामागे कारण आहे. जो संघ अतिशय वर गेला त्याच्या यशात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो, आणि नशिबाचा वाटा पुढच्या वर्षी टिकेलच असे नसते. बॉस्टन ब्रुइन्सने २०२२-२३ मध्ये ६५ विजय आणि १३५ गुण असा विक्रम केला. तिसऱ्या पद्धतीने त्यांचा पुढचा अंदाज सुमारे १२० येतो. प्रत्यक्षात त्यांना १०९ गुण मिळाले.

आता चूक मोजू. प्रत्येक संघासाठी अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांची वजाबाकी करावी, ऋण चिन्ह काढून टाकावे (एक्सेलमध्ये यासाठी एबीएस हे सूत्र आहे), आणि बत्तीस फरकांची सरासरी काढावी. २०२३-२४ साठी सर्वांना ९१ देणाऱ्या अंदाजाची सरासरी चूक १३.८ गुण येते. मागच्या वर्षीचेच गुण देणाऱ्या अंदाजात बत्तीस फरकांची बेरीज ३२५ भरते, म्हणजे सरासरी चूक १०.२ गुण. सरासरीकडे ओढलेल्या तिसऱ्या अंदाजाची चूक ९.१ गुण येते. एकाही खेळाडूचे नाव ठाऊक नसताना केवळ गुणाकार-भागाकाराने चूक जवळपास पाच गुणांनी खाली आली. कोणत्याही तज्ज्ञाचा अंदाज या ९.१ च्या पुढे उभा करूनच जोखावा. त्याची चूक साडेनऊ असेल, तर खेळाडूंची अदलाबदल, सराव सामने आणि प्रशिक्षकांच्या मुलाखती या सगळ्या अभ्यासातून त्या हंगामापुरती तरी काही भर पडली नाही असे म्हणावे लागते.

चुकीला तळ असतो, तोही जाणून घ्या

तज्ज्ञाकडून शून्य चुकीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दोन तुल्यबळ संघांचा सामना नाणेफेकीसारखा असतो, आणि नाणे ८२ वेळा उडवले तर छापांची संख्या ४१ च्या आगेमागे साधारण साडेचारने हलते. जादा वेळेतल्या पराभवाचा एक गुण हिशेबात घेतला तरी केवळ योगायोगाने एका संघाचे गुण सुमारे साडेआठने वरखाली होऊ शकतात. ही प्रमाणित विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरतात ते सांगणाऱ्या मापाची, भाषा आहे. सरासरी चुकीच्या भाषेत ते साडेसहा ते सात गुण होतात. याचा अर्थ असा की प्रत्येक संघाची खरी ताकद एखाद्याला अचूक कळली, तरी त्याची सरासरी चूक सातच्या फार खाली जाण्याची शक्यता कमी आहे.

एकीकडे ९.१ आणि दुसरीकडे सुमारे ७, या दोहोंच्या मध्ये कौशल्य दाखवण्यासाठी जेमतेम दोन गुणांची जागा उरते. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा भाकितांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. जो अभ्यासक सातत्याने साडेआठची चूक ठेवतो तो खरोखर मोठे काम करत असतो, आणि तरीही त्याच्या तक्त्यात वीस-पंचवीस गुणांनी चुकलेले दोन-तीन संघ असतातच. लोक नेमके त्याच संघांवरून त्याची परीक्षा करतात.

मोठ्या चुका वेगळ्या काढून त्यांची कारणे पाहा

“मागच्या वर्षीचेच गुण” या अंदाजात न्यू जर्सी डेव्हिल्स ११२ वरून ८१ वर आले (चूक ३१), बॉस्टन १३५ वरून १०९ वर (२६), व्हँकूव्हर कनक्स ८३ वरून १०९ वर (२६), सिअ‍ॅटल क्रॅकेन १०० वरून ८१ वर (१९) आणि फ्लोरिडा पँथर्स ९२ वरून ११० वर (१८). एकूण ३२५ पैकी १२० गुणांची चूक या पाच संघांतच आहे.

येथे प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारावा: जे घडले त्याची माहिती ऑक्टोबरपूर्वी उपलब्ध होती का? बॉस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेयची या दोन अनुभवी मध्य-आक्रमकांनी २०२३ च्या उन्हाळ्यातच निवृत्ती जाहीर केली होती. यांत्रिक अंदाजाला हे कळण्याची सोय नव्हती, पण माणसाला ते माहीत होते, आणि म्हणून बॉस्टनच्या बाबतीत तज्ज्ञाने यंत्राला हरवणे अपेक्षित होते. येथे एक बारकावा आहे. निवृत्तीच्या बातमीने घाबरून ज्याने बॉस्टनला ९० वर आणून ठेवले, त्याची चूक १९ झाली, म्हणजे सरासरीकडे ओढणाऱ्या साध्या सूत्राच्या ११ पेक्षा मोठी. खरी बातमी हाती असूनही तिचे वजन चुकीचे धरले, तर असे होते.

न्यू जर्सीचे उदाहरण वेगळे आहे. त्यांचा बचावपटू डगी हॅमिल्टन त्या हंगामात फक्त २० सामने खेळू शकला आणि जॅक ह्यूजचे २० सामने हुकले. या दुखापती सप्टेंबरमध्ये कोणाला दिसणार नव्हत्या. त्यांची गोलरक्षकांची बाजू कच्ची आहे, ही शंका मात्र आधीही घेता आली असती. अशा वेळी चुकीचा किती भाग क्षम्य मानावा याचा मोह आवरावा लागतो. दुखापतीची सबब प्रत्येक संघासाठी काढता येते, म्हणून गुणांकनात कोणालाही सूट देऊ नये. कारणांची नोंद शेजारच्या स्तंभात ठेवावी आणि आकड्याला हात लावू नये.

फक्त क्रमवारी दिली असेल तर

अनेक जण गुण न सांगता विभागवार क्रम सांगतात. तेव्हा जोड्या मोजण्याची पद्धत सोपी पडते. आठ संघांच्या विभागात २८ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत ज्याला वरचा म्हटले तोच वर राहिला का, एवढे पाहायचे. मेट्रोपॉलिटन विभागात २०२२-२३ चा क्रम कॅरोलिना, न्यू जर्सी, न्यूयॉर्क रेंजर्स, न्यूयॉर्क आयलँडर्स, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, कोलंबस असा होता. पुढच्या वर्षी तो रेंजर्स, कॅरोलिना, आयलँडर्स, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, कोलंबस असा झाला. जुना क्रम जसाच्या तसा दिला असता तर २८ पैकी २१ जोड्या बरोबर आल्या असत्या, आणि चुकलेल्या सातांपैकी पाच एकट्या न्यू जर्सीमुळे चुकल्या असत्या. तेव्हा या विभागात २१ ही उंबरठ्याची पातळी मानावी.

बाद फेरीचे भाकीत

सोळा संघ बाद फेरीत जातात. चारही विभागांतील पहिले तीन संघ आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून, म्हणजे दोन विभागांच्या गटातून, उरलेल्यांपैकी दोन असा तो हिशेब आहे. “सोळापैकी तेरा बरोबर” हे ऐकायला भारी वाटते. पण २०२२-२३ मध्ये बाद फेरीत गेलेल्या सोळा संघांपैकी तेरा संघ २०२३-२४ मध्येही गेले. न्यू जर्सी, मिनेसोटा आणि सिअ‍ॅटल बाहेर पडले, तर वॉशिंग्टन, नॅशव्हिल आणि व्हँकूव्हर आत आले. म्हणजे मागच्या वर्षीची यादी उतरवून काढणाऱ्यालाही तेराच गुण मिळतात.

शिवाय आत-बाहेरची रेषा फार बारीक असते. वॉशिंग्टन आणि डेट्रॉइट दोघांनाही ९१ गुण मिळाले, आणि निर्धारित वेळेतील विजय जास्त असल्याने वॉशिंग्टन पुढे गेले. दुसऱ्या कॉन्फरन्समधले सेंट लुईस ९२ गुण मिळवूनही बाहेर राहिले. डेट्रॉइटला ९२ गुण देऊन आत धरणाऱ्याचा गुणांचा अंदाज अवघ्या एका गुणाने चुकला होता, तरी यादीत त्याला शून्य मिळते. म्हणून याद्यांची तुलना दुय्यम मानावी आणि गुणांची चूक मुख्य मानावी असे माझे मत आहे.

ज्यांनी शक्यता टक्क्यांत दिली आहे त्यांच्यासाठी ब्रायर गुणांक वापरावा. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने तो १९५० मध्ये मांडला. संघ आत गेला तर १ आणि नाही गेला तर ० धरायचे, त्यातून दिलेली शक्यता वजा करायची, फरकाचा वर्ग करायचा आणि सर्व संघांची सरासरी काढायची. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. प्रत्येक संघाला ५० टक्के दिले तर गुणांक ०.२५ येतो. मागच्या वर्षीच्या सोळा संघांना १०० टक्के आणि बाकीच्यांना शून्य दिले, तर बत्तीसपैकी सहा पूर्ण चुका होतात आणि गुणांक ०.१८८ येतो. आता हीच यादी ठेवून १०० च्या जागी ८० आणि शून्याच्या जागी २० टक्के धरा. बरोबर आलेल्या २६ संघांवर प्रत्येकी ०.०४ आणि चुकलेल्या सहांवर प्रत्येकी ०.६४ असा दंड बसतो, आणि गुणांक ०.१५३ वर उतरतो. संघांची निवड तीच राहिली आणि फक्त खात्री कमी केल्याने अंदाज सुधारला. छातीठोकपणे बोलण्याची किंमत इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे माप मला ठाऊक नाही.

टक्केवारी प्रामाणिक आहे का हे पाहण्यासाठी संघांचे गट पाडावेत. ज्यांना ७० ते ८० टक्के दिले त्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश संघ खरोखर आत गेले का, असे प्रत्येक गटाबाबत विचारावे. एका हंगामात प्रत्येक गटात चार-पाचच संघ येतात, त्यामुळे हा निष्कर्ष पाच-सहा हंगाम साठल्याशिवाय काढू नये. स्टॅनले चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, कोण जिंकणार, या एका भाकितावरून तर कोणालाही जोखू नये. वर्षाला एकच निकाल लागतो आणि तो चार फेऱ्यांच्या चढउतारांतून जातो. १३५ गुणांचे बॉस्टन २०२३ मध्ये पहिल्याच फेरीत ९२ गुणांच्या फ्लोरिडाकडून हरले, तेही मालिकेत ३-१ अशी आघाडी घेतल्यानंतर.

खेळाडूंच्या गुणांचे (गोल आणि गोलला केलेले साहाय्य यांच्या बेरजेचे) अंदाज तपासताना एवढेच पाळावे की एकूण गुणांबरोबर प्रति सामना गुणही पाहावेत. एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड १५३ वरून १३२ वर आला हे खरे, पण दुसऱ्या वर्षी तो ८२ ऐवजी ७६ सामने खेळला.

दोन भाकीतकारांची तुलना करताना

एकाने बत्तीस संघांचा अंदाज दिला आणि दुसऱ्याने फक्त दहांचा, तर दोघांची तुलना त्या दहांवरच करावी आणि यांत्रिक अंदाजही त्याच दहांवर पुन्हा मोजावा. सोपे संघ निवडून चूक कमी दाखवणे शक्य असते. सट्टा बाजारात जाहीर होणारे संघनिहाय गुणांचे आकडे चौथा स्पर्धक म्हणून वापरता येतात, कारण त्यांत पुष्कळ लोकांची माहिती एकवटलेली असते. आपल्याला त्यातला आकडा हवा आहे, पैज लावायची नाही.

दोघांच्या सरासरीत अर्ध्या गुणाचा फरक असेल तर विजेता घोषित करू नये. वरच्या तिसऱ्या यांत्रिक अंदाजातून एकटे न्यू जर्सी वगळून पाहा. चूक ९.१ वरून ८.६ वर येते. एक संघ काढल्याने जो फरक पुसला जातो, त्यावर कोणाचे कौशल्य सिद्ध होत नाही. प्रत्येक वेळी एक संघ वगळून हिशेब पुन्हा करावा, आणि पुढे असलेला माणूस बत्तीसही वेळा पुढेच राहिला तरच त्याला वरचढ म्हणावे. तेही त्या एका हंगामापुरते.

अनेक हंगाम जोडताना

मागची वर्षे जोडताना सर्व हंगाम सारखे नाहीत हे ध्यानात ठेवावे. २०१२-१३ मध्ये संघमालक आणि खेळाडू यांच्या करारवादातल्या टाळेबंदीमुळे प्रत्येकी ४८ सामने झाले. २०१९-२० चा हंगाम मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे थांबला, तेव्हा संघांचे सामनेही समान झाले नव्हते. २०२०-२१ मध्ये ५६ सामने आणि वेगळे विभाग होते. अशा हंगामांत प्रति सामना गुण काढून तुलना करावी, आणि मी तर ते हंगाम मुख्य सरासरीतून बाहेरच ठेवतो. व्हेगस २०१७-१८ मध्ये आणि सिअ‍ॅटल २०२१-२२ मध्ये लीगमध्ये आले, त्यामुळे त्यांच्या पहिल्या वर्षासाठी “मागच्या वर्षीचे गुण” असा अंदाजच नसतो. अ‍ॅरिझोनाचा चमू २०२४-२५ पासून युटामध्ये गेला. तेथे नाव बदलले तरी खेळाडू तेच असल्याने जुने गुण पुढे न्यावेत. २०२६-२७ पासून नियमित हंगाम ८४ सामन्यांचा आहे, तेव्हा त्या वर्षीचे यांत्रिक अंदाज काढण्यापूर्वी आधीच्या हंगामाच्या गुणांना ८२ ने भागून ८४ ने गुणून घ्यावे.

सरावासाठी २०२४-२५ घ्यावा, कारण तो कठीण हंगाम आहे. मोठ्या खेळाडूंना करारबद्ध करून उतरलेले नॅशव्हिल ९९ वरून ६८ वर घसरले, रेंजर्स ११४ वरून ८५ वर आणि बॉस्टन १०९ वरून ७६ वर आले, तर वॉशिंग्टन ९१ वरून १११ वर चढले. त्या सप्टेंबरमध्ये तुम्ही स्वतः काय म्हटले होते ते कोठे लिहून ठेवले असेल, तर पहिला स्तंभ त्याचाच करावा.